उशिरा पेटणारी मिरची

१२ फेब्रुवारी

प्रिय ठिणगीस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मेहुण्यांची कंबर अजून आरामखुर्चीला चिकटलेली असेल, तर तिकडेही ठीकच समजतो.

पत्र उभ्यानेच लिहितो आहे. बसलो की पुन्हा अंगणात जावंसं वाटतं. तुझी वहिनी म्हणते, "मांजर पाळलं असतं तर निदान झोपलं तरी असतं."

कारण आपली मिरची. लहानपणी "गोड आहे गं" म्हणून मी तुला चाटवली आणि तू ठिणगी झालीस, तीच. अंगावर सुरकुत्या, वास पिकल्या पेरूचा. आधी गोडसर लागते, माणूस बेसावध होतो, मग घशात आग आणि कान गरम. दरवर्षी प्रत्येक झाडाची एक मिरची डाव्या दाढेखाली धरून चाखायची आणि जी सर्वांत जास्त पेटवेल तिचंच बी ठेवायचं, हा माझा शिरस्ता तुला ठाऊक आहे.

यंदा एकही पेटली नाही. गेल्या वर्षी फुलांवरची मलमलीची पिशवी फाटली होती. मधमाश्यांनी शेजारच्या फिक्या मिरचीचा पराग आणला, वाण बिघडला, असं ठरवून मी झाडं उपटत सुटलो. शेवटची ओळ उरली तेव्हा शेजारच्या शिंपीणबाई कुंपणाशी आल्या. उपटलेल्यातली एक मिरची त्यांनी भाजीत घातली होती.

"मास्तर, ही फिकी? आमचे हे अजून नळाखाली तोंड धरून बसलेत."

म्हणजे मिरची शाबूत. षड्रसांपैकी एक रस रजेवर गेला आहे, तो माझ्याकडचा.

तेव्हा तूही रजा टाक आणि ये. उरलेल्या ओळीतून बी निवडायला दुसरी जीभ हवी. वहिनीला मिरचीच्या नावानेही पित्त होतं. तू नर्स आहेस म्हणून बोलावतो आहे, असं मुळीच समजू नकोस.

चहा हल्ली डाव्या ओठातून ओघळतो. दाढी करताना तो गाल दुसऱ्याच कुणाचा वाटतो. वहिनी काल म्हणाली, "विनोद करता आणि अर्धंच हसता." मी म्हणालो, विनोदच अर्धा होता. ती स्वयंपाकघरात गेली.

आता खरं सांगतो. आज सकाळी मिरची उजव्या दाढेखाली धरून पाहिली. कान पेटले. बी निवडून झालं आहे, कागदावर वाळतं आहे.

तरी ये.

अंगणात फेऱ्या मारणारा,
तुझा दादा