कोपरा कापलेलं पत्र

कुंदाचे बाबा,

मी कुंदाला घेऊन दुपारच्या गाडीनं नागपूरला जाऊन राहिली आहे. सोमवारी येईन. अंगणातलं धान सांजेला तुम्हीच भरा, आईंची कंबर धरली आहे.

माझ्या शाळेतली जमुना नऊ वर्षांनी आफ्रिकेवरून आली. आज-उद्याच नागपुरात आहे, मग बोटीसाठी मुंबई. तिचं पत्र मला आज सकाळी गोठ्याच्या छपरात खोचलेलं सापडलं! तुम्हाला परदेशी टपाल तिकिटं जमवायची हौस. कोपऱ्यासकट कापून घेतलं अन् पाकीट कोनाड्यात टाकलं. पत्र आलं, एवढं तरी काऊन नाही सांगितलं?

कोपरा नसलेलं पत्र मौतीचं, हे आईंना पक्कं ठाऊक. त्यांना वाटलं, माझ्या माहेरचं कोणी गेलं. दिवाळी अन् मंडईची जत्रा होईपर्यंत मला कळू नये म्हणून त्यांनी ते घराबाहेर लपवलं. तरीच बारा दिवस मला आधी वाढून, जवळ बसून जेवू घालत होत्या.

आज मी पत्र वाचून दाखवलं. कोणी मेलं नाही, मैत्रीण आली आहे, भेटायला जाते म्हटलं, तर तोंड फिरवून म्हणतात, "मंग जितीले भेटाची एवढी काय घाई?"

कुंदाची आई