शेवटचे प्रकरण आहे तसेच वाचावे

मी, खाली सही करणारी, औषधांच्या दुकानात उभी राहून म्हातारी झालेली, अविवाहित बाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला त्यांना देता आला नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझा भाचा ते आणण्याचा प्रयत्न करून दमला, एवढी नोंद पुरे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात सगळे त्याला दिले होते, ते आजपासून रद्द समजावे.

कलम १. माझी माणसे. माझ्याजवळ माझी धाकटी बहीण राहते. तिला सगळे धाकटीच म्हणतात, आता केस पिकले तरीही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला लोकांचे आवाज लावून बसल्यामुळे कोण खरे बोलतो आणि कोण बनवतो हे तिला पहिल्या 'हॅलो'तच कळायचे. आमचा भाऊ तिच्याशी फोनवर बोलायला टाळाटाळ करी, ती उगाच नव्हे. तो आता नाही. त्याचा मुलगा म्हणजे वर आलेला भाचा. भाच्याची बायको बालवाडीत शिकवते. ती मला आत्या म्हणते आणि नवऱ्यापेक्षा जास्त वेळा आमच्याकडे येते, म्हणजे येत असे. गेल्या काही वर्षांत धाकटीची नजर गेली आणि पाठोपाठ स्मरणशक्तीही एकेक खोली रिकामी करत चालली आहे. मी गेल्यावर तिचे काय, या एका प्रश्नासाठी हा सारा कागद आहे. बाकीचे कसेही वाटले गेले असते तरी मला चालले असते.

कलम २. घर. दुकानावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याकडची गॅलरी ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. येथे राहण्याचा हक्क धाकटीला तहहयात राहील. तिच्या हयातीत ही जागा कोणी विकू, भाड्याने देऊ वा गहाण टाकू नये, आणि तिला कोणत्याही संस्थेत नेऊन ठेवू नये. "आत्या, तिथे बागसुद्धा आहे" हे कारण चालणार नाही. मी जाऊन पाहून आले. बाग आहे. बागेतल्या सगळ्या बायका फाटकाकडे तोंड करून बसल्या होत्या.

धाकटीच्या पश्चात ही मिळकत भाचेसुनेच्या एकटीच्या नावे व्हावी. भाच्याचा तीवर हक्क नाही. त्याला राग येईल. येऊ दे, रागाने घर पडत नाही.

कलम ३. पुस्तके, आणि ती कशी वाचावीत. पलंगाजवळच्या कपाटातील सर्व रहस्यकथा धाकटीच्या हयातीत जागच्या हलवू नयेत. त्यानंतर त्या कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्याव्यात. आम्हा दोघींना दुसरा नाद नव्हता. लग्ने केली नाहीत, देशाटन केले नाही, खून मात्र सोडले नाहीत. आमची एक रीत होती. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचे, चहा टाकायचा, आणि कप हातात आले की दोघींनी आपापला खुनी सांगायचा. मगच पुढचे पान. धाकटी क्वचितच चुके. मी हमखास चुके, कारण मला प्रत्येक पुस्तकात डॉक्टरचाच संशय येतो. जन्मभर त्यांचे अक्षर लावत बसल्याचा हा परिणाम.

तिची नजर गेल्यापासून मी मोठ्याने वाचते. माझ्यामागे जे कोणी वाचेल त्याच्या माहितीसाठी अलीकडच्या पुस्तकांबद्दल माझे मत लिहून ठेवते.

लिफ्टमधल्या प्रेताची कादंबरी: वाचावी. यातली तपास करणारी बाई नवऱ्याबरोबर सुखाने नांदते आणि वेळेवर जेवते, याचे मला फार कौतुक वाटले. हल्ली पोलीस अधिकारी घटस्फोटित, दारुडा आणि जागरणाने डोळे तांबारलेला असल्याखेरीज लेखक त्याला खुनी सापडूच देत नाहीत. शिवाय आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे धाकटीच्या अजून लक्षात आहे.

बर्फाळ गावातली जाडजूड: वाचू नये. अर्धे पुस्तक नुसता बर्फ पडतो आणि शेवटी खुनी म्हणून जुळा भाऊ काढला आहे. आधी ज्याचे नावही घेतले नाही त्याला शेवटी आणून उभे करायचे, ही लबाडी झाली. आमच्या दुकानात असा माल कोणी परत आणला असता तर मी पैसे परत केले असते.

जिला काही आठवत नाही अशा बाईची: मुळीच वाचू नये. लिहिणाऱ्याचा हात चांगला आहे, हे मान्य. पण त्या बाईला शेवटच्या पानावर आठवते की खून आपणच केला. हे ऐकताना धाकटी स्वतःचे हात चाचपत बसली. संध्याकाळभर विचारत होती, "ताई, मी काही केलं नाही ना गं?" ज्यांना आठवत नाही त्यांना हे लेखक इतक्या सहजी खुनी करून टाकतात. त्यांच्या घरी असे कोणी नसावे. मला या गोष्टीचा राग आहे आणि तो मरणानंतरही राहील असे समजावे.

सुपातल्या विषाची: ही कपाटात सापडणार नाही. मी ती रद्दीत दिली. त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ४. भाचेसुनेची बाजू. हे कलम लिहिल्यावाचून घर तिला का दिले ते कोणालाच कळणार नाही, आणि लोक म्हणतील की तिने म्हातारीला गुंडाळले.

धाकटीचे अंदाज चुकू लागले तेव्हा तिचा चेहरा बघवेना. कप खाली ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. म्हणून एकदा मी शेवट बदलून वाचला. तिने माळ्याचे नाव घेतले होते, मी माळ्याला खुनी केले. मला वाटले होते, ती माझ्या आवाजातले खोटे ओळखेल आणि कान पकडेल. तिने ओळखले नाही. लहान मुलीसारखी टाळी वाजवून म्हणाली, "बघ, मी सांगितलं होतं!" तिच्या दुखण्याने मजल कुठवर मारली आहे ते मला त्या टाळीने कळले, डॉक्टरांच्या तपासणीने नव्हे. त्यानंतर मी प्रत्येक शेवट तिच्या मनासारखा करू लागले. ती म्हणेल तो खुनी. महिनोन्महिने ती एकदाही चुकली नाही.

मग ती सुपाची कादंबरी आली. म्हाताऱ्या आत्याला कोणीतरी सुपातून विष देते. विषाबद्दलची सगळी माहिती चूक. दोन घोटांत माणूस टेबलावर डोके टेकतो. विषाला एवढी घाई नसते. लेखकाने खुनी डॉक्टरला केले होते, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझे बरोबर आले होते. पण धाकटीने चहा पिताना कादंबरीतल्या सुनेचे नाव घेतले. मी सुनेला फासावर चढवले.

दुसऱ्या दिवशी भाचेसून नेहमीप्रमाणे डबा घेऊन आली. डब्यात सूप होते. धाकटीने वास घेतला, शांतपणे उठली, भिंत धरत फोनपर्यंत गेली आणि पोलिसांचा नंबर फिरवला. स्वतःचे वय तिला सांगता येत नाही, पण तो नंबर बोटांना पाठ आहे. तिच्या आवाजात कसलीही शंका नव्हती. कशी असेल? तिचा एकही अंदाज खोटा ठरला नव्हता. पोलीस आले, डबा घेऊन गेले. जिन्यात शेजारीपाजारी गोळा झाले. सुपात भाज्या आणि मीठ याखेरीज काही निघाले नाही, पण तोवर बालवाडीत बातमी पोहोचली होती. मुलांचे आईबाप धास्तावले आणि चौकशी होईपर्यंत भाचेसुनेला घरी बसवले गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, फक्त यात चोरही नव्हता.

मी तिच्या घरी जाऊन सगळे सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आत्या, तुम्ही त्यांना चुकू का दिलं नाहीत?" एवढेच म्हणाली.

"बघवत नव्हतं गं मला."

"आणि माझं?"

मी तिच्या ढिगातला एक कपडा उचलून घडी घालू लागले. भाचा मात्र भरपूर बोलला. "आता तरी डोळे उघड आत्या. तिला तिकडे ठेवू या, आणि तूही सुटशील." सुटेन, हे त्याचे खरे आहे. ते कसे, तेवढेच त्याला कळले नव्हते.

भाचेसून आता पुन्हा कामावर जाते. आमचे सामान आणून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवते, बेल वाजवते आणि उंबरा न ओलांडता निघून जाते. धाकटी तेव्हापासून मी आधी चाखल्याशिवाय कशालाही तोंड लावत नाही. माझ्या हातचे, मी चाखलेले, एवढेच तिला चालते. आणि आता मी जाणार आहे.

त्या दिवसापासून मी शेवट खरे वाचते. त्याचाही उपयोग होत नाही. ती चुकली की ओरडते, "तू बदलून वाचतेस!" इतके दिवस खोटे वाचले ते खरे वाटले, आता खरे वाचते ते खोटे वाटते. आगीतून उठून फुफाट्यात पडले मी, आणि तिलाही ओढले.

कलम ५. किरकोळ वस्तू व जुने हिशेब. औषधे तोलण्याचा काचपेटीतला तराजू भाचेसुनेने बालवाडीत न्यावा. मुलांना पाने-दाणे तोलायला मजा वाटेल. दगडी खलबत्ता डॉक्टरांना देणार होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून तो स्वयंपाकघरातच राहावा. वाचनालयाच्या पुस्तकांत पहिल्याच प्रकरणात खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात "हाच तो" असे लिहिणारे आमच्या गल्लीतील निवृत्त हेडमास्तर, यांना माझे खोडरबर द्यावे. माफी दिलेली नाही. बँकेत जे असेल ते धाकटीच्या खाण्यापिण्यावर खर्च करावे. हा व्यवहार भाचेसून पाहील. भाच्याला माझे आशीर्वाद. तो वाईट नाही, त्याला फक्त सगळे लवकर आटपायचे असते.

कलम ६. भाचेसुनेस. घर तुला अटीवर दिलेले नाही, हे मी मुद्दाम लिहिते. तू धाकटीच्या दारात पाऊल टाकले नाहीस तरी ते तुझेच. जे तुझे गेले त्याची भरपाई दोन खोल्यांनी होत नाही, हे मला समजते. पण मागायचे ते मागते. माझ्यामागे तिला कोणी भरवणार असेल तर ती तूच, आणि तुझ्याच हातचे ती घेणार नाही. मी ही गाठ मारली आणि मला ती सोडवता आली नाही. तू प्रयत्न कर. एक दिवस घेतले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सोडून देऊ नकोस.

कलम ७. धाकटीस. मी गेल्यावर ती खुनी शोधणार, हे मला माझ्या नावाइतके ठाऊक आहे. म्हणून हे कलम वाचनालयाच्या ग्रंथपालांनी तिच्यासमोर मोठ्याने वाचावे. आधी चहा करावा. तिला नाव घेऊ द्यावे, मग ते कोणाचेही असो, आणि भाचेसुनेने तेवढा वेळ खोलीतच बसावे, अशी विनंती. नंतर एकही शब्द न बदलता वाचावे:

धाकटे, मला कोणी मारलेले नाही. माझे हृदय बरेच दिवस कुरकुरत होते, डॉक्टरांनी पाहिले आहे, त्यांची खाली सही आहे. सुपात काही नव्हते. त्या दिवशीही नव्हते. तू माणूस ओळखायला चुकलीस, कारण मी तुला खोटे वाचून दाखवत होते. माळ्याने काही केले नव्हते. सुनेने काही केले नव्हते. आपल्या सुनेने तर कधीच नाही. ती तुझ्यासाठी जेवण घेऊन येते ते जेवणच असते.

सही करण्याआधी आज मी हे कलम धाकटीला वाचून दाखवले. साक्षीदार शेजारी बसले होते. चहा झाला होता. तिने मान वाकडी करून, फोन कानाला लावल्यासारखे, शेवटपर्यंत ऐकले.

"खरं वाचतेयस?"

"खरं."

"म्हणजे तू मरणार, आणि कोणीच केलेलं नसणार?"

"कोणीच नाही."

ती माझा हात शोधत म्हणाली, "मग ताई, मी रागवू कोणावर?"

याचे उत्तर मी तेथेच दिले, ते कलम ७ चा भाग समजावे आणि विचारेल तितक्या वेळा तिला वाचून दाखवावे: माझ्यावर. धाकटे, तू माझ्यावर रागव. रोज रागव, मोठ्याने रागव, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे. आणि मग सुनेने वाढलेले जेव.

लिहून ठेवणार: (सही) धाकटीची ताई

साक्षीदार:
१. (सही) डॉक्टर. मी रुग्णाला तपासले आहे. त्यांच्या संशयाबद्दल माझी तक्रार नाही.
२. (सही) ग्रंथपाल. कलम ७ आहे तसेच वाचीन.

भाचेसुनेची सही घेतलेली नाही. जिला मिळायचे तिने साक्ष देऊ नये असा नियम आहे. तिला बोलावले होते. हे लिहिताना ती उंबऱ्याच्या बाहेर उभी आहे, हातात डबा आहे.

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर.
तारीख: डॉक्टरांनी त्यांच्या अक्षरात वर घातली आहे, ज्याला लागेल त्याने लावावी.