जर्मन गाडीच्या पुढच्या डिस्क

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
काकू उतरली! भर रस्त्यात, कारध्याच्या पुलाच्या अलीकडे. समोर म्हशी आल्या, मी ब्रेक दाबला, आणि स्टिअरिंग असं थरथरलं की माझे दात वाजले. मागून काकू — "थांबव! थांबव म्हनतो ना!" दार उघडून खाली. "मेली तरी याच्यात बसनार नाई." आणि तसल्या गुडघ्यांनी एसटीच्या थांब्याकडे निघाली. मी गाडी घेऊन तिच्या मागेमागे, पायी चालण्याच्या वेगानं. एकदाही वळून पाहिलं नाही बाईनं.

२२ नोव्हेंबर
१२ डिसेंबरला काकूची नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे तारीख आहे, गुडघ्यांची. दोन महिन्यांनी मिळालेली. कोंढ्याहून एसटीनं जायचं म्हणजे भंडाऱ्याला गाडी बदला, आणि तिची पहिली पायरीच काकूच्या मांडीपर्यंत येते. म्हणून तर काकाजींनी ही बारा वर्षं जुनी जर्मन गाडी घेतली. स्वतः अजून मोटारसायकलवर धान पाहत फिरतात. यादोराव शेठ म्हणतात लोक त्यांना, पण चपलेला तार बांधलेली!

मी जूनमध्ये ट्रकवर क्लीनर म्हणून आलो होतो, त्यांचा तांदूळ भरायला. तलावात कोणीतरी जाळं टाकत होतं ते पाहायला गेलो, परत येतो तर ट्रक गेलेला. काकाजी म्हणाले, "गाडी चालवता येते का?" त्यांची पोरगी रेणू रायपूरला दिलेली, घरी काकाजी-काकू दोघंच. तेव्हापासून इथंच आहे. सहा महिने होत आले! सुरतला तीन टिकलो होतो. काही बिघडलं की मी रात्रीत पिशवी उचलतो, हा आपला रिवाज.

आज काकाजी — "ब्रेकचं तू पाहा बा. मले त्यातलं काई समजत नाई." मला कोणी काही 'पाहा' म्हटलेलं हे पहिलंच.

२४ नोव्हेंबर
भंडाऱ्याला मंगरू मिस्त्रीकडे गेलो. त्याच्याकडे सासऱ्याचा मायक्रोमीटर आहे, केसाएवढी जाडीही मोजणारा. सासरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत टर्नर होता, रिटायर झाला तेव्हा दोस्तांनी दिलेला. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतो मंगरू, देवासारखा. पुढची चाकं काढली. आत लोखंडी ताट असतं, तीच डिस्क. पॅड तिला दोन्हीकडून आवळतात तेव्हा गाडी थांबते. मंगरूनं आठ ठिकाणी जाडी मोजली, आठही वेगळ्या! "वाकडी झाली. म्हनून थरथरते."
"घासून सरळ नाही होणार?"
"कमीत कमी किती जाडी पाहिजे ते कडेवरच कोरलं आहे, पाह्य. घासली तर त्याच्याखाली जाते." मग माझ्याकडे रोखून — "तापल्या डिस्कवर थंड पानी कोन टाकून राहिला?"

मला माहीत होतं कोण.

गाडी लांबून आली की काकू बादली घेऊन बाहेर येते. दुरून आलेल्याच्या पायावर पाणी टाकायचं — बैल असो, पाहुणा असो. आधी डावं चाक, मग उजवं. चर्रर्र आवाज येतो, वाफ निघते, आणि काकू म्हणते, "पाय पोयले वं माय बिचारीचे!" जूनपासून दर खेपेला. मी बाजूला उभा राहून हसायचो. मलाही कुठं माहीत होतं!

२५ नोव्हेंबर
काकाजींना सांगितलं, गाडी गरम असताना मी तलावात धुतली. डिस्क माझ्यामुळं गेल्या.
काकाजी चिडले. "म्हैस आहे का ते, तलावात न्याले?" काकू दारातून — "याले गाडी नाई, बकऱ्या द्या चाराले!" मग काकाजी म्हणाले, "तलावात कधी नेली रे तू? मी तं पाहिलं नाई." मी खाली वाकून चाक पाहायला लागलो. ते म्हणाले, "बरं."
पिशवी खुंटीला आहे. आज दोनदा पाहिलं तिच्याकडे.

२७ नोव्हेंबर
डिस्क निवडतोय. मोबाइलवर भोकंवाल्या डिस्क पाहिल्या, पॅड धरणारे लाल कॅलिपर, आहाहा! त्यावरून शर्यतीचे व्हिडिओ, मग कुठल्या तरी देशात बर्फावर कुत्रे गाडी ओढतात ते. दोन तास गेले. मंगरूला फोन केला तर शिव्याच. "भोकाइत धानाच्या बांधीचा चिखल बसन. साधीच घे, आतून हवा खेळनारी, कडेले गंज न लागनारा लेप असलेली. आन् दोन्ही बाजूच्या संग बदलाच्या, पॅडही नवे. जुने पॅड नव्या डिस्कले खातात."

पॅडमध्येही दोन जाती. एक जास्त करकचून धरतात, पण किंचाळतात आणि चाकं काळी करतात. दुसरे सिरॅमिकचे, मऊ, बिनआवाजाचे. शर्यत लावायची असती तर पहिले घेतले असते. पण मागच्या सीटवर कोण बसणार आहे? बिनआवाजाचे.

२८ नोव्हेंबर
चुकीची ऑर्डर जाता जाता राहिली! याच गाडीत दोन मापांच्या डिस्क येतात. आपलं माप चेसिस नंबरावरून कळतं, तो नीट वाचला म्हणून बरं झालं. मी, आणि नीट वाचलं!

४ डिसेंबर
बसवल्या. मंगरूनं डिस्क बसते ती जागा घासून साफ केली, पॅड झिजले की दिवा लावणारी तार नवी लावली. मग शिकवलं — मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग गार होऊ द्यायची, पुन्हा तेच. पॅड आणि डिस्कची ओळख झाली पाहिजे म्हणे. अड्याळपर्यंत बारा वेळा केलं. स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवली. लोण्यासारखं!
घरी आलो तर काकू बादली घेऊन हजर. मी आडवा झालो. "काकू, मिस्त्रीनं सांगितलंय, आता चाकाला पाणी लावायचं नाही. नव्या पॅडला चालत नाही."
"कधीच नाई?"
"गार झाल्यावर टाक."
ती बादली धरून उभी राहिली. चाकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. सगळं पाणी तुळशीत ओतलं.

९ डिसेंबर
काकू अजून गाडीत बसायला हो म्हणत नाही. एसटीचं टाइमटेबल विचारून आली.

११ डिसेंबर
काकाजींचं उद्या धानाच्या काट्यावर काम, ते येणार नाहीत. म्हणजे काकू एसटीनं एकटी, नाहीतर माझ्यासोबत. संध्याकाळी मी गाडी अंगणात आणली, तिला ओट्यावर बसवलं, आणि तिच्या दिशेनं वेगात येऊन चार हातांवर थांबवली. आवाज नाही, थरथर नाही. काकाजी ओरडले, "अबे, बुढीले मारतं का?" काकू हसली! म्हणाली, "सकाळी सहाले निघू. अन् तू अंगोळ करून येजो."

१२ डिसेंबर
पुलावर तिनं सीट घट्ट धरली होती, नंतर झोपली. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत ऑपरेशन, मग दोन महिने घरात एक माणूस लागेल. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, सोबत कोण? काकू म्हणाली, "पोरगा." पोरीनं माझं नाव विचारलं आणि पुढं काकाजींचं लावून लिहिलं — कुलदीप यादोराव. काकूनं कागद हातात घेऊन अक्षर अक्षर वाचला. दुरुस्त करायला सांगितलं नाही. मी सही केली.