छपराचा अर्ज

व्हाकोआ,
२१ ऑगस्ट १९८१

प्रिय कुंती,

इथे आठवडाभर धुकं आणि बारीक पाऊस आहे. कपडे वाळत नाहीत, माझे गुडघे धरलेत आणि आमचे कृष्णदेव अंगावर शाल ओढून रेडिओपाशी बसून असतात. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. वेळ लागला तरी लागू दे, पण हे पत्र तू स्वतःच वाच. भगवतीकडून वाचून घेऊ नकोस. ती तुझी सून असली तरी हे आपल्या दोघींतलंच आहे.

काल आमच्या प्रतिष्ठानची बैठक झाली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्या समितीवर आहे आणि खरं सांगू, आता थकले गं. साऱ्या बेटावरून मदतीसाठी अर्ज येतात. आमच्यातलं कुणीतरी जाऊन काम बघून येतं, मग सगळे बसून ठरवतात. ठरवतात म्हणजे बहुतेकांना नाही म्हणतात. मागे रिव्हिएर दू रांपारला बायकांचा शिवणवर्ग बघायला गेले होते. त्यांनी आमच्यासाठी शेजारून नवे कप मागून आणले होते. यांना काही मिळणार नाही हे मला पहिल्या घोटालाच कळलं होतं, तरी चहा संपवावा लागला. तेव्हापासून कुणी अंगणात खुर्च्या मांडताना दिसलं की मला परत फिरावंसं वाटतं.

तुझ्याकडे छपराच्या अर्जाच्या पाहणीला मी आले नाही, कारण ओळखीच्यांच्या अर्जापासून लांब राहायचं असा नियम आहे. आमच्या समितीवरचे, सरकारी नोकरीतले हरिलाल आले होते. परत आल्यावर ते दोन दिवस तुझंच बोलत होते. मागच्या वादळाने नेलेल्या छपराच्या जागी ताडपत्री, खाली गोणपाटावर ओळीने झोपलेली पोरं, आपली मराठी, भोजपुरी, क्रेओल, सगळी एकत्र. आया पहाटे ऊस तोडायला गेलेल्या आणि पोरं मावशीला मारावी तशी ‘तांतीन कुंती’ अशी हाक मारत तुझ्या लुगड्याला लोंबकळणारी. बोलता बोलता तू त्यांच्याही हातात एक पोर दिलंस म्हणे! माणूस हसत होता, म्हणून मला वाटलं, यंदा जमणार.

तुझा अर्ज निघाला तशी मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसले. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मग शिपाई बोलवायला आला. असं कधी करत नाहीत. अध्यक्ष म्हातारे, मवाळ गृहस्थ आहेत. म्हणाले, “मादाम, काम चांगलं आहे, त्यात कुणाचं दुमत नाही. पण सगळं एकाच बाईवर उभं आहे. आप्रे ली, किसान्ला? तिच्यानंतर कोण?” हा प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो. मीही कितीतरी अंगणांत विचारला आहे. हरिलाल तुझ्या बाजूने बोलायला गेले, “अहो, बाई दणकट आहे, अजून पंधरा वर्षं सहज करील,” आणि मी मान डोलवावी म्हणून माझ्याकडे बघत राहिले.

कुंती, मला इस्पितळातला तो व्हरांडा आठवला. डॉक्टर फ्रेंचमध्ये बोलला आणि तुला मराठीत सांगायचं माझ्यावर आलं. गाठ पसरली आहे, आता कापून उपयोग नाही. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, “तोडणी संपेतो घरात कुणाला बोलायचं नाय, विद्या. पोरांच्या आया काय करतील मग?” नंतर बस येईपर्यंत आपण टोमॅटोच्या भावावर बोलत बसलो.

माझी मान हलली नाही. खरंही सांगता येत नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “मी आहे. तिच्यानंतर मी करीन.” अध्यक्ष हसले, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पेन उचललं. समितीत राहून अर्जदारांत नाव घालता येत नाही, म्हणून मी तिथेच राजीनामा लिहून दिला. दोन नावं घालून अर्ज पुन्हा द्यायचा, डिसेंबरच्या बैठकीत बघू, असं ठरलं. म्हणजे छप्पर मिळालेलं नाही, गेलेलंही नाही. घरी सांगितलं तेव्हा कृष्णदेव म्हणाले, “बादली उचलताना कण्हतेस, पोरं काय उचलणार?” मग रेडिओ बंद करून त्यांनीच विचारलं, “कुंतीच्या ब्रीझे वेर्दिएरला बस कुठून बदलायची असते?”

एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं, अर्जाचं काय ते टपालाने कळलंच असतं. पण काल मी परक्या माणसांसमोर ‘कुंतीनंतर’ म्हणाले. तुझ्यासमोर हा शब्द मी एकदाही काढलेला नाही. इस्पितळानंतर आपण कितीदा भेटलो, आणि दर वेळी मी तुझ्या भाजीचं कौतुक करून परतले. तुझ्या पाठीमागे तुझं जाणं मी कागदावर घालून आले, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. रागावलीस तर रागाव. मी सोमवारी येते आहे, राहायला. कुठल्या पोराला लगेच उचलायचं आणि कुठल्याला थोडं रडू द्यायचं, ते मला दाखव. आणि पोरं झोपली की मला तुला एक विचारायचं आहे. तुला भीती वाटते का गं? तेव्हा टोमॅटोचे भाव आडवे आले. या वेळी मी विचारणार आहे.

तुझीच,
विद्या