हवा मोजायचं मीटर

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार. आधीच सांगतो, आम्ही तिघंही ठणठणीत आहोत.

इथे कडाक्याची थंडी आहे. आठवडाभर रोज सकाळी गाडीत टायरची हवा कमी असल्याचा दिवा लागायचा आणि दुपारी आपोआप विझायचा. थंडीने हवा उतरतेच, म्हणून मी कानाडोळा केला. काल छकुलीला शाळेत सोडताना गाडी एका बाजूला ओढू लागली. कशीबशी कडेला घेतली. मेकॅनिक म्हणाला, "थंडीने चारही चाकं सारखी उतरतात. तुमचं एकच उतरलंय, खिळा आहे. सकाळी गाडी काढण्याआधी हवा मोजत नाही का?"

तीस वर्षं बस चालवून तुम्ही हेच सांगत आलात. मी निघताना स्वतःचं मीटर माझ्या बॅगेत घातलंत. दर रविवारी फोनवर विचारता, "मीटर चालतंय ना?" मी म्हणतो, "झकास!"

अप्पा, बॅगेचं वजन जास्त भरत होतं, म्हणून ते मी घरीच ठेवलं. माळ्यावर, जुन्या गाद्यांमागे. आईला यातलं काही माहीत नाही, तिला बोलू नका.

तुमचा खोकला कमी आहे का?

आणि मीटर तुम्हाला आधीच सापडलं असेल, तर तेवढं मला कळवू नका.

तुमचा,
थोरला