मालवणात काळ्या पडलेल्या दोनशे पत्र्या

उद्यमनगर, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप आकारामदादा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, जोतीरामचा, साष्टांग नमस्कार (रीत म्हणून घातला आहे, जास्त काही समजू नये). वहिनींचा गुडघा आता वाकत असेल. आईची तब्येत उत्तम. माझीही तुमचं कार्ड येईपर्यंत उत्तम होती.

दादा, "तुझं पॉलिश दुकानात बघण्यापुरतंच" असं तुम्ही लिहिता? तेही उघड्या कार्डावर? पोस्टमनने वाचलं, शेजारच्या फौंड्रीवाल्याने वाचलं, आता चहावालासुद्धा कप ठेवताना दात काढतो. वीस वर्षं धातू घासून चकाकवणाऱ्या बफिंगच्या चाकापुढे उभं राहून कमावलेलं नाव तुम्ही एका कार्डात घालवलंत!

आपलं नेसरी गाव सोडून मालवणला मासेमारीचं सामान विकायला तुम्ही गेलात, मी नाही. गळावर धातूची चकाकणारी पत्री हवी, चकाकी बघून मासा झेपावतो, पण ती खाऱ्या पाण्यात टिकली पाहिजे, हेही तुमचंच सांगणं. मग मी काय अंदाजाने केलं? मागच्या पडवीत बादलीभर मिठाचं पाणी करून त्यात चार पत्र्या सोडल्या. एक साध्या पितळेची, एक निकेल-क्रोम चढवलेली, एक चांदीचा मुलामा दिलेली, एक स्टेनलेसची, आरशासारखी बफ केलेली. दर रविवारी बघत होतो. चाळीस दिवसांनीही चौघी लखलखीत. साधं पितळसुद्धा! (कोल्हापूरच्या पितळेची जातच वेगळी, असं मी चारचौघांत बोलून बसलो आहे.) चौघींत उजळ चांदी, म्हणून दोनशे पत्र्यांना चांदीच दिली.

आणि तुमच्याकडे आठ दिवसांत काळ्या? खलाशी माल दारात फेकून गेले, ऐन हंगाम बुडाला, आणि दोष माझा? आधी तुमच्या समुद्रात काय कालवलंय ते बघा. यापुढे मालवणचा माणूस माझ्या कारखान्याची पायरी चढणार नाही, मग तो भाऊ का असेना.

संतापलेला,
जोतीराम

ता. क. पत्र चिकटवायला भाताची शितं आणायला मागं गेलो, तर आई बादलीपाशी बसलेली. देवाच्या भांड्यांबरोबर पत्र्याही चिंच-राखेने घासून परत पाण्यात सोडत होती. म्हणाली, "दर शनवारी घासतीया की. तुझं काम काळं दिसलं तर लोकं काय म्हंतील? ही स्टेनलेसची तेवढी गुणाची हाय, हिला कवा घासावंच लागलं न्हाय." शितं तशीच ठेवून मी पुन्हा लेखणी उचलली. वरचं काही खोडत नाही, राग खराच होता.

ता. ता. क. स्टेनलेसच्या दोनशे पत्र्या स्वतः बफ करून परवाच्या एसटीने पाठवतो. मुकाट्याने घ्या. पण दादा, पुढच्या महिन्यात आई तुमच्याकडे येते आहे. त्या काळ्या पत्र्या तिच्या नजरेस पडू देऊ नका, पाया पडतो. सगळ्या अजून लखलखीत आहेत असं मी तिला सांगितलं आहे. फार आनंदली, आणि लगेच काळजीत पडली, "आरं जोत्या, एवढ्या समुद्रात त्यास्नी घासतंय तरी कोण?"