पांढऱ्या कॅनमधला पालक

९ सप्टेंबर, मंगळवार

टमाट्याची पानं वळायला लागली आहेत. एका झाडाची नाही, सहाच्या सहा झाडांची! शेंड्याची पानं बारीक, लांबट, आतल्या बाजूला मुडपलेली. कोणी चिमटीत धरून पिळल्यासारखी. पाणी कमी नाही, जास्त नाही. कीड दिसत नाही. चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

अंजनाला दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही दिवसातून दहा वेळा जाऊन पाहता, झाडं लाजत असतील. तिला काय, हसायला जातं. पालक, मेथी, शेपू तेवढे नीट आहेत. ते नीट राहिले पाहिजेत, कारण सुप्रियासाठी ही सगळी खटपट. जुलैत केनवडच्या सासरहून तपासणीला म्हणून आली, रक्त आठच निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, हिरव्या भाज्या भरपूर द्या, आणि पोरीला तेव्हाच माहेरी ठेवून घेतली. आता सातवा चालू आहे.

कामरगावच्या गजेंद्राकडून आणलेले बावीस कॅन, एका बाजूने कापून आडवे ठेवलेले. खाली जिनिंगच्या भंगारातल्या फळ्यांची मांडणी, तीन पायऱ्यांची, स्वतः ठोकलेली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज भाजी उतरते आहे. एवढं चांगलं चाललं होतं.

१० सप्टेंबर

वळलेली पानं आणखी वाढली. आज मिरचीचीही.

११ सप्टेंबर

टमाट्याचा शेंडा पिशवीत घालून कृषी सहाय्यकाकडे गेलो. तरुण माणूस आहे, पण ऐकून घेतो. पान पाहताच म्हणाला, जवळपास तणनाशकाची फवारणी झाली का? मी म्हटलं, कारंज्यासारख्या शहरात गच्चीवर कोण फवारणार? त्याने दोन मिनिटं पान उलटंसुलटं केलं. मग विचारलं, "काका, झाडं लावले कशात?"

मी म्हटलं, तेलाच्या डब्यात.

का म्हटलं असं? काही कारण नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं. तो म्हणाला, मग काही कळत नाही, पण तणनाशकाचा अंश असला तर टमाटा सगळ्यात आधी सांगतो, बाकीच्या भाज्या दिसायला ठीक राहू शकतात.

घरी आलो आणि तडक गच्चीवर गेलो. एक कॅन उचलून पाहिला. पांढरा, जाड, पाच लिटरचा. लेबल खरवडून काढलेलं, डिंकाचा चौकोन तेवढा राहिलेला. एका कोपऱ्यात लाल कागदाचा नखाएवढा तुकडा.

हे मी आणताना पाहिलं नव्हतं काय? पाहिलं होतं. फुकट मिळाले म्हणून खूश होतो!

१२ सप्टेंबर

सकाळच्या बसने कामरगावला. कितीतरी वर्षं याच रस्त्याने एसटी चालवली, आज पाठीमागच्या सीटवर बसलो.

गजेंद्र म्हणजे अंजनाचा धाकटा भाऊ. सोयाबीनच्या वावरात होता. विचारलं तर त्याने काहीच लपवलं नाही. "तणनाशकाचेच होते भाऊजी. तीन पाण्यानं धुतले नं म्या, पावडर टाकून. अन् ते काही जहर थोडीच हाये? त्यानं गवत मरते. माणसाले काय होते त्यानं?" आणि समोरच पडलेला तसलाच कॅन उचलून त्यातलं पाणी प्यायला. मलाही पुढे केला. म्हणाला, आम्ही वावरात पाणी यातूनच आणतो, आम्हाला काही झालं का?

मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. तो भला माणूस आहे. मीही त्याच्या जागी हेच म्हटलं असतं. किड्याचं औषध ते विष, आणि गवताचं औषध ते नुसतं औषध — आपल्याकडे सगळे असंच धरून चालतात. परत येताना त्याने दोडकी दिली पिशवीभर. दुर्गाबाई, त्याची बायको, अंगणात उभी होती. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण बस आली.

१३ सप्टेंबर

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून आजपर्यंत. रोज एक वेळ पालक नाहीतर मेथी, कधी शेपू. मी, अंजना, सुप्रिया. आणि सुप्रियाच्या पोटातलं.

टमाट्याची पानं डोळ्यांपुढून जात नाहीत. पानं वळली तशी बोटं वळली तर?

हे लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटलं. खोडत नाही. एकतीस वर्षं एसटी चालवली, एक माणूस जखमी झाला नाही माझ्या हातून. विना अपघाताचा बिल्ला आहे कपाटात. आणि रिटायर होऊन चार महिने झाले नाहीत तर स्वतःच्या नातवंडाला —

सांगणार कोणाला? अंजनाला सांगितलं तर ती रडेल. सुप्रियाला सांगितलं तर ती जेवण सोडेल. आज "भाजी जून झाली" म्हणून वेळ मारून नेली.

१४ सप्टेंबर, रविवार

रस्ता सापडला. लाज वाटते, पण सापडला.

पहाटे फिरायला म्हणून निघालो आणि थेट भाजीबाजार. मळेवाल्या बाया नुकत्याच उतरत होत्या. पालकाच्या दोन जुड्या घेतल्या, दोरे सोडले, सदऱ्याखाली पिशवीत लपवल्या. घरी येऊन सरळ गच्चीवर. कॅनमधला पालक तसाच ठेवला — उपटला तर विचारतील ना! थोडी माती बाजारच्या पालकाच्या देठांना चोळली आणि टोपलीत घालून खाली आलो. अंजनाने टोपली घेतली आणि आत गेली. जेवताना सुप्रिया म्हणाली, "बाबा, बाजारच्या भाजीले अशी चव नसते."

अंजना ओट्याकडे तोंड करून भाकरी थापत होती.

१९ सप्टेंबर

सहावा दिवस. आता सराव झाला आहे, चोरीचाही सराव होतो. आज भाजीवाल्या बाईने ओळखलं — "तुमी वाशीम गाडीचे डायवर नं?" दोन जुड्या जास्त दिल्या तिने.

बाजारची भाजी तरी कोणत्या पाण्याची, कोणत्या औषधाची, कोण सांगणार? हा विचार आता करायचा नाही. एका वेळी एकच भीती पुरे.

२० सप्टेंबर

मी अंघोळ करत होतो. बाहेर आलो तर सुप्रिया घरात दिसली नाही, गच्चीवर होती. धावत गेलो. पालकाचं कोवळं पान तोडून तोंडाकडे नेत होती! मी हिसकावलं. माझं नख लागलं तिच्या हाताला. म्हणालो, गोगलगाय फिरली आहे त्यावर. पोरगी घाबरून माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणी कधी हात उचलला नाही मी तिच्यावर.

खालून अंजना आली आणि माझ्यावर नाही, तिच्यावरच रागावली. जिन्याला कठडा नाही, तुला शंभरदा सांगितलं वर जायचं नाही म्हणून! बरं झालं. आता ती वर जाणार नाही.

२४ सप्टेंबर

सोनोग्राफी. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाढ चांगली आहे, रक्त साडेनऊवर आलं. काय खायला घालता? सुप्रिया म्हणाली, बाबांची गच्चीवरची भाजी. डॉक्टरबाईंनी माझं कौतुक केलं, तिथे बसलेल्या दुसऱ्या बायांनाही सांगितलं, असे वडील पाहिजेत म्हणून.

तेव्हाच विचारायचं होतं. ठरवून गेलो होतो. घसा खाकरला. त्या म्हणाल्या, काही विचारायचंय का काका? मी विचारलं, हिला जीपमध्ये बसवलं तर चालेल का.

भित्रा! दुसरा शब्द नाही.

बोटं दिसली का, एवढंच विचारायचं होतं. हाताची बोटं सरळ आहेत का?

३० सप्टेंबर

झोप नाही, भूक नाही. अंजना म्हणते, वजन कमी झालं तुमचं.

५ ऑक्टोबर, रविवार

डोहाळजेवण झालं. केनवडची मंडळी जीप भरून आली. पालकाची वडी, मेथीची भाजी, सगळं लोकांनी वाखाणलं. सगळं बाजारचं. मी वाढत होतो आणि मान वर करत नव्हतो.

मग विहीणबाईंना गच्ची पाहायची हौस आली. वर गेल्या, मांडणी पाहिली, कॅन पाहिले. दोन कॅन झाडांसकट मागितले. बाळंतीण परत गेल्यावर तिला दारातच भाजी होईल, म्हणाल्या. मागणं किती सरळ! मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं चेष्टा करतो. त्यांनी एक कॅन उचलला, तो मी हातातून काढून घेतला. सगळ्यांसमोर.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "आमाले काय झाडं मिळत नाई काय भाऊ? माया वाटली म्हणून मांगतले."

नवल म्हणजे अंजना माझ्या बाजूने बोलली. कोणी पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर तिला चैन पडत नाही, आणि ती म्हणाली, राहू द्या विहीणबाई, जीपमध्ये माती सांडेल. मंडळी चहा न घेता गेली.

सुप्रिया रडली. "दोन डबे देले असते तं काय झालं असतं, बाबा? मले त्याच घरी नांदाचं हाये."

६ ऑक्टोबर

सुप्रिया अजून बोलत नाही. उद्या अंजनाला सांगतो. काय व्हायचं ते होवो.

७ ऑक्टोबर

सांगितलं. सुप्रिया झोपली असताना दुपारी अंजनाला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. कॅन कशाचे, गजेंद्र काय म्हणाला, बाजारची भाजी, मातीने चोळलेले देठ, सगळं. महिनाभर पोरीच्या पोटात आपण काय घातलं ते माझ्या तोंडाने सांगितलं. रडलो. तिच्यासमोर पहिल्यांदा, लग्नाला चौतीस वर्षं झाली.

ती पदराने तोंड पुसून खाली गेली. रात्री नेहमीसारखं ताट वाढलं. तिने मला दोष द्यावा, भांडावं, भावाला फोन लावावा, असं काहीतरी करावं.

८ ऑक्टोबर

अंजना सकाळी चहा घेऊन वर आली आणि म्हणाली, त्यातलं एक पानही कोणी खाल्लं नाही. दुर्गाबाईने ऑगस्टमध्येच, भाजी उतरायच्या आधी, फोन करून कॅन कशाचे ते तिला सांगितलं होतं. तेव्हापासून माझी टोपली रोज घंटागाडीत गेली. दुपारी मी झोपलो की ती हातगाडीवाल्याकडून भाजी घ्यायची. मी लपवून आणलेल्या जुड्याही घंटागाडीतच गेल्या.

बाळ सुखरूप आहे, एवढंच बराच वेळ डोक्यात फिरत राहिलं. मग विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"कसं सांगू? रिटायर झाले तसे तुमी खुर्चीतून उठत नव्हते. जेवा म्हटलं तं जेवाचे, झोपा म्हटलं तं झोपाचे. दीड महिना एक शब्द नाई. मले भेव वाटे तुमाले एकटं सोडाचं. मंग ते डबे आले, अन् तुमी पहाटे उठून गच्चीवर शिट्टी वाजवाले लागले."

मी शिट्टी वाजवत होतो, हे मला माहीतच नव्हतं.